रिकाम्या खुर्चीपुढची उदबत्ती

सौदीहून परतल्यापासून चिपळुणात भेटेल तो मला दोनच प्रश्न विचारतो. वाळवंट बघितलंस का, आणि बुरखा घालावा लागला का. वाळवंट मी विमानातून बघितलं, थोडं नाकातोंडात घेतलं. बुरखा घालावा लागला नाही. नेलेल्या साड्याच नेसून मी अल-खोबरच्या मॉलमधून आणि समुद्राकाठच्या रस्त्यावरून फिरले. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते: त्या महिन्यात मी सगळ्यात जवळून काय पाहिलं असेल, तर चिनी लोकांचा नव्या वर्षाचा सण. यावर लोक हसतात. सुरुवातीला मलाही हसूच आलं होतं.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवर त्या जाळीच्या खिडकीमागे बसून "गाडी कधी येणार?" या प्रश्नाला उत्तर देणारी बाई. लोकांचा समज असतो की ही बाई मुद्दाम तुसड्यासारखी बोलते. तसं नाही. गाडी मागच्या स्टँडवरून सुटल्याचं कळल्याशिवाय 'येईल' म्हणायचं नाही, हा आमचा नियम. लोकांना धीर द्यायला म्हणून 'येईल' म्हणावं आणि गाडी घाटात अडकलेली असावी, असं एकदा झालं की माणूस आयुष्यभर जपून बोलतो. हे आधीच सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

समोरचं दार

माझी मुलगी मधुरा आणि जावई निखिल अल-खोबरला राहतात. मी गेले तेव्हा निखिल कामासाठी रियाधला, ओलाया भागातल्या ऑफिसात होता, म्हणून दम्मामच्या विमानतळावर मला घ्यायला हसनभाई आले. हसनभाई हर्णैचे. टॅक्सी चालवतात, निखिलच्या ओळखीचे. माझी बॅग उचलताच म्हणाले, "ताई, कोकम आणलावसा वाटतं! वास येतोय." त्यांना अर्धा किलो कोकम काढून दिलं तेव्हा त्यांनी भाडं घ्यायला साफ नकार दिला. "खलास, विषय संपला," म्हणाले. उतरताना आपला नंबर माझ्या फोनमध्ये घालून दिला आणि काहीही लागलं तर हाक मारा असं बजावून गेले.

मधुराच्या फ्लॅटच्या समोरच्या दाराला लाल कागद चिकटवलेले होते आणि वर एक कंदील लटकत होता. कंदील रमजानचा, चंद्रकोर असलेला. मॉलमध्ये रमजानच्या सजावटीचे ढीग लागले होते, त्यातलाच लाल बघून उचललेला. आत राहत होती लिन, मधुराच्याच वयाची, तिचा नवरा जून आणि चीनहून पाहुणी आलेली तिची सासू. जून पाइपलाइनचा इंजिनियर. त्याची साइट हरद नावाच्या गावाच्याही पलीकडे, वाळूत. तो पंधरवड्यातून घरी यायचा.

सासूबाई सत्तरीच्या, ठेंगण्या आणि हुकमी. त्यांना चिनीशिवाय काही येत नव्हतं आणि मला इंग्रजी बेताचंच. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला हाताला धरून आत नेलं आणि गॅसच्या शेगडीवर चिकटवलेलं एका देवाचं चित्र दाखवलं. लिनने इंग्रजीत सांगितलं, मधुराने मराठीत. हा चुलीचा देव. वर्षभर घरात काय चाललंय ते बघतो आणि वर्ष संपायच्या आठवडाभर आधी वर जाऊन मोठ्या देवाला सगळं सांगतो. म्हणून जाण्याआधी त्याच्या तोंडाला मध लावायचा, म्हणजे तो गोडच बोलेल. मी म्हटलं, आमच्या डेपोत इन्स्पेक्शनला साहेब आले की आम्हीही पेढेच ठेवायचो. हे भाषांतर होऊन सासूबाईंपर्यंत पोचलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. तेव्हापासून त्या मला चिनीत 'धाकटी बहीण' म्हणायला लागल्या आणि आमचं जाणंयेणं सुरू झालं.

त्यांच्या चालीरीती ऐकताना मला सारखं वाटायचं की हे आपल्याकडचंच कुणीतरी तिकडे नेलंय. सणाआधी घर लख्ख झाडायचं, पण वर्षाच्या पहिल्या दिवशी केरसुणीला हात लावायचा नाही, लक्ष्मी बाहेर जाते. आपण तिन्हीसांजेला झाडत नाही, तसंच. लाल रंग का, तर त्याचीही गोष्ट. फार पूर्वी वर्षाच्या शेवटच्या रात्री एक श्वापद यायचं, माणसं-गुरं खायचं. सगळं गाव डोंगरात पळायचं. एकदा एक म्हातारा भिकारी गावातल्या एका म्हातारीकडे उतरला आणि पळालाच नाही. त्याने दाराला लाल कागद लावले, घरभर दिवे लावले आणि विस्तवात बांबू टाकून कडकडाट केला. श्वापद पळालं ते पळालंच. म्हणून लाल, म्हणून दिवे, म्हणून फटाके. अल-खोबरच्या फ्लॅटमध्ये फटाके कोण उडवणार? सासूबाई फोनवर फटाक्यांचा आवाज लावणार होत्या.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शेवटच्या संध्याकाळचं जेवण. माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असो, त्या जेवणाला घरी आलंच पाहिजे. जूनला त्यासाठी सुट्टी मिळाली होती, आणि त्या जेवणाला मला आणि मधुराला बोलावणं होतं. बाहेरच्या माणसाला सहसा बोलावत नाहीत, असं लिन म्हणाली. मला फार बरं वाटलं.

शेवटची संध्याकाळ

आदल्या दिवशी महाशिवरात्र झाली होती आणि रमजानचा चंद्र दुसऱ्या दिवशी दिसतो का, याकडे सगळ्या शहराचे डोळे होते. मी फोनवर तिथी बघितली तर संध्याकाळपासून अमावास्या लागत होती. आपण अमावास्येला लांबच्या प्रवासाला निघत नाही. (एसटी निघते. मीच सोडायचे.) यांचं वर्ष तर अमावास्येवरच फिरतं. आपलंही लक्ष्मीपूजन अमावास्येलाच असतं, असं मनाशी म्हणत मी लाल काठाचं इरकल नेसले. पांढरं नेसू नका, असा लिनचा निरोप होता. त्यांच्याकडे पांढरा रंग सुतकाचा.

दुपारी आम्ही चौघी टेबलाभोवती बसून करंज्या करत होतो. लिन त्याला डम्पलिंग म्हणायची, मधुरा मोमो. सारण मटणाचं आणि कांद्याच्या पातीचं. सोमवार म्हणून माझ्यासाठी कोबीचं वेगळं. माझी मुरड बघून सासूबाईंनी माझ्याकडेच पीठ सरकवलं. त्या वेळी खिडकीबाहेरचा उजेड बदलला. आधी पिवळा, मग विटकरी. समोरची इमारत दिसेनाशी झाली. वारा असा नव्हताच, नुसती धूळ येऊन उभी राहिली होती. खिडक्या बंद असूनही दातात कचकच लागायला लागली.

जून सकाळी साइटवरून निघाला होता. वाटेतल्या हुफूफ शहराच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावरून त्याने चहाच्या कपाचा फोटो पाठवला होता. त्यानंतर काही नाही. लिनने फोन केला तर बंद.

"रेंज नसेल," मधुरा म्हणाली.

लिनने मान हलवली आणि फोन उताणा टेबलावर ठेवला. मी तो रस्ता बघितलेला नाही, पण रस्ता म्हणजे काय ते मला माहीत आहे. धुळीत ट्रक थांबतो, मागचा थांबत नाही. शिवाय तिकडे उंट आडवे येतात. मी तोंड उघडणार तेवढ्यात मधुराने मला पायाने ढोसलं.

"आई, प्लीज. आज इथे अपघात, मरण असं काही बोलायचं नसतं. वाईट शब्द काढला की वर्षभर बाधतो. आणि अपघाताचा इंग्लिश शब्द सासूबाईंनाही कळतो."

म्हणजे काळजी करायची, पण बोलायची सोय नाही. आम्ही चौघी करंज्या करत राहिलो. लिन मधूनच उठून बाथरूममध्ये जायची आणि आतून तिचा दबका आवाज यायचा. जूनच्या साइटवर, मित्रांना, मिळेल त्याला फोन लावत होती. बाहेर आली की तोंडावर पाणी मारलेलं असायचं. सासूबाई तिच्याकडे बघायच्या नाहीत. ओळीने करंज्या मांडायच्या. संध्याकाळची मगरीबची बांग झाली, बाहेर काळोख झाला, जूनचा पत्ता नव्हता, तरी त्यांनी घरातला एकेक दिवा लावला, अगदी न्हाणीघरातलासुद्धा, आणि टेबल मांडायला घेतलं. पाच वाट्या, पाच जणांच्या जेवायच्या काड्या. जूनची जागा दाराकडे तोंड करून. माणूस आलं नसेल तरी त्याची वाटी मांडायचीच, अशी त्यांची रीत.

ती रिकामी खुर्ची मला बघवेना. सासूबाई मासा वाढायला स्वयंपाकघरात गेल्या होत्या, लिन पुन्हा बाथरूममध्ये, मधुरा रियाधला निखिलशी फोनवर. माझ्या मनात आलं, आपल्याकडे सणाला मानाचा माणूस यायचा असला की पानाभोवती महिरप काढतो, उदबत्ती लावतो. पंगत कशी शोभते त्याने! ज्याची वाट बघतोय त्याचं पान असं ओकंबोकं ठेवू नये. मी आमच्या घरातून केवड्याच्या उदबत्त्या आणल्या. उदबत्तीचं घर मधुराकडेही नाही. मी रोज वाटीभर तांदळातच खोचते. तशीच इथे एक वाटी तांदळाने भरली, तीन उदबत्त्या खोचल्या, पेटवल्या आणि जूनच्या जागेपुढे ठेवल्या. भोवती मैद्याच्या चिमटीने महिरप काढली. छान वळली होती. मी हात जोडले आणि म्हटलं, ये रे बाबा लवकर, पान वाढलंय.

सासूबाई मासा घेऊन बाहेर आल्या.

त्यांनी हातातली थाळी टेबलाच्या कडेला आदळली आणि त्या होत्या तिथेच उभ्या राहिल्या. लिन धावत आली. टेबलाकडे बघितलं आणि दोन्ही हात तोंडावर घेतले. मला वाटलं आग लागली की काय. मी मागे वळून बघितलंसुद्धा.

"हे... हे मेलेल्या माणसासाठी करतात," लिन मधुराला म्हणाली. मधुराने ते मराठीत सांगायची गरज नव्हती. तांदळात खोचलेली उदबत्ती, पांढरी रांगोळी, पुढे खुर्ची. बोलायची बंदी असलेला शब्द मी टेबलावर मांडून ठेवला होता.

दिव्याची वात दक्षिणेकडे करून कुणी माझ्या मधुराच्या पानाशी ठेवली असती तर मी त्या बाईचं काय केलं असतं, ते मला माहीत आहे. मी "सॉरी, सॉरी" म्हणत वाटी उचलायला गेले, तर सासूबाईंनी माझा हात झटकला.

"आई, चल घरी," मधुरा हळूच म्हणाली.

जावंसं वाटत होतं. समोरच दार होतं. पण असं पेटवून ठेवून निघून कसं जायचं?

मागच्या स्टँडला विचारा

माझ्या हातात एकच विद्या आहे. गाडी दिसेना की पुढे बघत बसायचं नाही, मागच्या स्टँडला फोन लावायचा. मी दाराबाहेर जिन्यात गेले आणि हसनभाईंना फोन केला. पंपाचं ठिकाण, गाडीचा नंबर, सगळं मधुराने मला निघतानाच लिनकडून विचारून दिलं होतं. गाडी पांढरी.

"इथं निम्म्या गाड्या पांढऱ्याच हायेत, ताई," हसनभाई म्हणाले. "तुमी घाबरू नका. माझा साडू हाय ना त्या रस्त्याला, टायरचं दुकान हाय त्याचं. इचारतो."

त्यांचा फोन परत येईपर्यंत मी त्या चंद्रकोरीच्या कंदिलाखाली उभी राहिले. फोन आला तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता.

"पुलिसानी रस्ता बंद केलाय. चेकपोस्टला लायनी लागल्यात. आणि ताई... एक पांढरी गाडी रस्त्याखाली गेलीय. आत कोण व्हता ते साडूला माहीत नाय. ॲम्ब्युलन्स येऊन गेली. पन तुमी आत्ता काय सांगू नका कुनाला. मी त्याला सांगितलंय लायनीत जाऊन बघायला. इंशाअल्ला."

फोन बंद झाला. आत जायचं होतं. खिडकीमागे इतकी वर्षं जो चेहरा घालून बसले, तो मी जिन्यात उभी राहून पुन्हा घातला. त्या चेहऱ्याला लोक तुसडा म्हणतात. म्हणोत.

"रस्ता बंद आहे," आत जाऊन मी सांगितलं. "गाड्या थांबवल्यात. चौकशी चालू आहे." यातलं काही खोटं नव्हतं. मधुराने माझ्याकडे निरखून बघितलं आणि पुढचं विचारलं नाही.

मग माझं लक्ष टेबलाकडे गेलं. जूनच्या जागेपुढे वाटी नव्हती. मैदा पुसलेला होता, काड्या नीट ठेवलेल्या. मला वाटलं, फेकली असेल. पण केवड्याचा वास येतच होता. उदबत्त्यांची वाटी सासूबाईंनी उचलून स्वतःच्या जागेपुढे ठेवली होती आणि तिच्यामागे त्या हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या. धूर सरळ त्यांच्या तोंडावर जात होता.

मी लिनकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ती म्हणते," तिने मधुराला सांगितलं, "पेटवलेली विझवता येत नाही. बोलावणं गेलंच असेल, तर माझ्या नावावर जाऊ दे."

आपण लेकरावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडतो, तेव्हा हेच म्हणत असतो. म्हणायला सोपं असतं. ही बाई ते करून बसली होती, आणि मला जिन्यातली बातमी माहीत होती. मला ते सहन होईना. मी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली, बसले आणि वाटी माझ्याकडे ओढली. चूक माझी होती. त्यांनी ती परत आपल्याकडे ओढली. मी पुन्हा ओढली. दोघींनाही एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे भांडण लांबलं नाही. शेवटी वाटी दोघींच्या मधे राहिली, त्यांचा एक हात तिच्यावर आणि माझा एक. आम्ही तशाच बसून राहिलो. राख तांदळावर पडत होती. मासा गार झाला.

माझा फोन वाजला तेव्हाही मी वाटीवरचा हात काढला नाही, फोन मधुराने उचलला. तिने स्पीकर लावला.

"झोपलाय हो, ताई!" हसनभाई अल-खोबरभर ऐकू जाईल असे ओरडत होते. "गाडीत झोपलाय! लायनीत! फोनची बॅटरी मेली त्याची, काचा लावून घोरतोय! साडूनं काच ठोकून उठवला. साडूचा फोन जोडून देतो, बोला त्याच्याशी!"

मग एक गोंधळलेला, जड आवाज आला. सासूबाई फोनवर काय बोलल्या ते मला कळलं नाही, पण सूर ओळखीचा होता. मधुरा एकदा न सांगता मैत्रिणीकडे राहिली होती, तेव्हा मी त्याच सुरात बोलले होते.

जून आला तेव्हा भुवयांपर्यंत धुळीने माखला होता. सासूबाईंनी त्याला आधी फोनवरचे फटाके ऐकवले, मगच आत घेतलं. गार मासा पुन्हा गरम झाला. तो अर्धाच खायचा, पुढच्या वर्षाला काही उरलं पाहिजे. करंज्या वाफेवर चढल्या. जेवता जेवता जूनला ती वाटी दिसली. उदबत्त्या विझून काड्या राहिल्या होत्या. त्याने आईला काहीतरी विचारलं आणि लिनचा घास हातातच राहिला. मीही मान खाली घातली.

सासूबाईंनी शांतपणे उत्तर दिलं. लिनने ते मधुराला आणि मधुराने माझ्या कानात सांगितलं. "ती म्हणाली, धाकट्या बहिणीच्या देशात मानाच्या माणसासाठी असं करतात."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमजानचा चंद्र दिसला आणि सगळं शहर रात्रीचं जागू लागलं. हसनभाईंना मी करंज्या पाठवल्या. ती रस्त्याखाली गेलेली पांढरी गाडी कुणाची होती ते मी त्यांना विचारलं, पण त्यांनाही कळलं नव्हतं. त्या माणसाच्या घरीही कुणी जेवायचं थांबलं असेल, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

चिपळूण

यंदा पाडव्याला मी तीन पानं मांडली. एक ह्यांचं, एक माझं आणि एक मधुराचं, ती अल-खोबरला असली तरी. तिघांच्या पानांभोवती महिरप काढली, मधुराच्या पानावर श्रीखंड वाढलं. मग उदबत्ती लावली आणि दर सणाला ठेवते तशी पंगतीच्या मधे ठेवायला वाकले. तिथे न ठेवता ती माझ्या पानापुढे ठेवली.

"ही अशी एका कडेला का?" ह्यांनी विचारलं.

"असू दे," मी म्हटलं. "तिथेच बरी आहे."